दार चौकात ठेवा, वाट परत द्या

प्रति,
मा. मुख्य वास्तुविशारद श्री. गेनचेव्ह,
नगरपालिका, स्लिवोगोरा.

अर्जदार : श्रीमती वेलिका दिमित्रोवा स्तामोवा, वय ७९, निवृत्त टपाल कर्मचारी, राहणार कारंजे गल्ली, घर क्र. ९.

विषय : माझ्या व शेजारच्या अंगणामधील भिंतीत आपण बांधून बंद केलेली वाट मोकळी करून मिळण्याबाबत. (अर्ज पाचवा)

संदर्भ : आपली चार उत्तरे. चारही मी शेवटपर्यंत वाचली आहेत. हे भाग्य त्यांना आपल्या कार्यालयात लाभले असेल असे वाटत नाही.

महोदय,

१. हे सर्व सन २०१६ मध्ये घडले. साल आधी लिहिते, कारण आपल्या चार उत्तरांत या प्रकरणाच्या तीन निरनिराळ्या तारखा आहेत. मी एकतीस वर्षे टपालावर शिक्के मारले, तेव्हा चुकलेली तारीख मला लांबून दिसते. दिनांक २४ ऑगस्ट रोजी आपल्या कार्यालयाने माझ्या अंगणातले दार चौकटीसह काढून नेले. दिनांक ८ सप्टेंबर रोजी त्या जागी सिमेंटचे अठरा ठोकळे रचून वाट बंद केली. दार आता धर्माधर्मांतल्या सलोख्याचे प्रतीक म्हणून गावच्या चौकात उभे आहे. सलोखा ज्या वाटेने जात-येत होता, ती वाट तेवढी बंद आहे.

२. भिंतीपलीकडे माझी शेजारीण हुस्निये रसिम कादिर, वय ८२, खाटेवर आहे. दोन वर्षांपूर्वी ओट्यावरून पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले. तिचा मुलगा तुर्कस्तानात, बुर्सा शहरात आहे. दवाखान्याची परिचारिका आठवड्यातून एकदा येते. बाकी दिवस मी. दारातून गेले तर आमच्यात चौदा पावलांचे अंतर होते. आता मला कारंजे गल्ली उतरून, तंबाखूच्या गोदामाला वळसा घालून, एकसष्ट पायऱ्या चढून मशीद गल्लीत जावे लागते. माझ्या गुडघ्यांनी बावीस मिनिटे. बर्फ पडल्यावर त्या पायऱ्यांवर मांजरसुद्धा जात नाही. गेल्या जानेवारीत सलग नऊ दिवस मी पोचू शकले नाही. इमामसाहेबांची बायको रोज जेवण ठेवून जात होती, तिचे भले होवो. पण जेवण ठेवणे वेगळे आणि कूस बदलणे वेगळे. दहाव्या दिवशी मी गेले तेव्हा हुस्नियेच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. त्या भरायला मे महिना उजाडला. आता ऑक्टोबर आहे. एवढ्यासाठी हा अर्ज आहे. पुढचे सगळे आपल्या माहितीसाठी, कारण माहितीची आपल्याकडे टंचाई दिसते.

३. आपण वास्तुविशारद आहात, त्यामुळे दार कशासाठी असते हे आपल्याला शिकवले गेले नसावे. आमच्या दोन घरांच्या पाठी एकमेकींना लागून आहेत. मधल्या भिंतीतले ते दार सन १९३१ मध्ये माझ्या सासऱ्यांनी आणि हुस्नियेच्या सासऱ्यांनी मिळून केले. फळ्या त्यांच्या, बिजागऱ्या आमच्या. कडी होती, पण कुलूप नाही, अडसर नाही. अशा दाराला आमच्याकडे कोम्शुलुक म्हणतात, आणि जुन्या मोहल्ल्यात एकेकाळी प्रत्येक दोन घरांत ते असे. पुरुषांनी त्यातून जायचे नाही, आणि गेलेच तर आधी खोकायचे. ताट भरून आले तर रिकामे परत जायचे नाही. भांडण झाले तर दाराला खराटा आडवा लावायचा. खराटा असेपर्यंत दुसरीने यायचे नाही. खराटा ज्या बाईने लावला, तिनेच तो काढायचा.

४. आपल्या फलकावर लिहिले आहे की या दारातून "शतकभर प्रेम आणि सहिष्णुता ये-जा करीत होती." माझ्या आठवणीप्रमाणे या दारातून ये-जा करीत होते ते असे : चाळणी, ताप मोजायची नळी, एकदा विहिरीचा पोहरा, ईस्टरची लाल अंडी, बैरामची, म्हणजे ईदची, बकलावा, निरोप, चहाड्या आणि शिव्या. सन १९५९ मध्ये मी सून होऊन आले तेव्हा हुस्नियेने दारातून पहिल्यांदा मला पाहिले आणि आपल्या सासूला मोठ्याने सांगितले, "बारीक आहे गं, हिच्याने काही विहिरीचं पाणी निघत नाही." मीही तिला कधी सोडले नाही. तिच्या कॉफीला मी आजही डबक्याचे पाणी म्हणते. सन १९७४ मध्ये तिच्या शेळीने माझा कांद्याचा वाफा खाल्ला, तेव्हा दोन महिने खराटा आडवा होता. तो तिने लावला होता, कारण तिच्या मते वाफ्याला कुंपण न घालणे हा शेळीचा अपमान होता. मग माझी सासू वारली. त्या सकाळी खराटा काढून ती सूपचे पातेले घेऊन आली आणि म्हणाली, "भांडण मिटलेलं नाही, थांबलंय. आधी खाऊन घे."

नाताळात आमच्याकडे डुक्कर कापले की दार मी माझ्या बाजूने ओढून घेत असे, आणि अंगण राखेने घासल्याशिवाय उघडत नसे. रमजानात संध्याकाळची बांग होईपर्यंत मी मिरच्या भाजत नसे, कारण मिरच्यांचा वास भिंत मानत नाही. आमच्या उपासाच्या आठवड्यांत ती माझ्यासाठी घेवडा तेलावर शिजवी आणि त्याला वेगळा डाव ठेवी, लोण्याचा लागलेला नको म्हणून. हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते आणि त्यासाठी कोणी परदेशातून निधी पाठवला नव्हता. आपल्या पुस्तिकेत ज्याला रंगीत पाने बत्तीस लागली, ते आमच्याकडे एका डावात भागत होते.

५. जानेवारी १९८५ विषयीही लिहिणे भाग आहे, कारण आपली दुसऱ्यापासूनची सगळी उत्तरे त्यावरच उभी आहेत. त्या महिन्यात सरकारी हुकुमाने गावातल्या तुर्कांची मुसलमानी नावे काढून त्यांना नवी, ख्रिस्ती वळणाची नावे देण्यात आली. पुलावर शिपाई होते, कुत्री होती. शाळेच्या खोलीत टेबल मांडून नगरपालिकेचे सचिव बसले होते. ते आपले वडील. शिक्के मारायला हात कमी पडले, म्हणून टपाल कचेरीतून मला बोलावले होते. हुस्नियेची पाळी आली तेव्हा तिला नाव निवडायला सांगितले. ती गप्प उभी राहिली. आपल्या वडिलांनी यादी चाळली आणि म्हणाले, "ह पासूनचंच देऊ, म्हणजे बाईंना रुमालावरचं अक्षर उसवायला नको." खोलीतले लोक हसले. अशा रीतीने रोजा पाळणाऱ्या बाईचे नाव ह्रिस्तिना, म्हणजे ख्रिस्ताची, असे झाले. आपल्या वडिलांचे हस्ताक्षर मात्र सुंदर होते. आपल्याला ते आले नाही.

कागदावर शिक्का मी मारला. हे लिहिणे या अर्जाला आवश्यक नाही, पण खरे आहे.

त्या दिवशी संध्याकाळी दारातून जायचे माझे धाडस झाले नाही. तीच आली. चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "शिक्का तरी सरळ मारलास ना?" पुढची पाच वर्षे मी रस्त्यात तिला कोणत्याच नावाने हाक मारली नाही. अंगणात मारली. जुन्या नावाने आलेली पत्रे परत पाठवावीत असा आमच्या कचेरीत हुकूम होता. तिची पत्रे मी एप्रनच्या खिशातून आणत असे. त्याला धैर्य म्हणू नये; चौदा पावले चालायला धैर्य लागत नाही.

सन १९८९ च्या जुलैमध्ये ती, नवरा आणि मुलगा दोन पेट्या घेऊन तुर्कस्तानात गेले, म्हणजे घालवले गेले. तीन महिने मी त्या रिकाम्या घरात रोज जात होते. कोंबड्या सांभाळल्या, टोमॅटो वाळवले, बरण्या भरल्या. ऑक्टोबरात मुलगा तिथेच राहिला आणि नवरा-बायको परत आली. ती रस्त्याच्या फाटकाने माझ्याकडे आली नाही. दारातून आली, पेटी खाली ठेवली आणि विचारले, "कॉफी आहे का? चांगली नसली तरी चालेल." पुढच्या वर्षी न्यायालयात जाऊन तिने आपले नाव परत घेतले. तो निकाल तिने भिंतीवर चौकटीत लावला आहे. लोक तिथे नातवंडांचे फोटो लावतात.

६. आता सन २०१६. मे महिन्यात आपल्या "सहजीवनाची वाट" या योजनेच्या समन्वयक कुमारी रालित्सा माझ्याकडे आल्या. त्यांनी दाराचे बेचाळीस फोटो काढले, दोनदा त्यातून इकडून तिकडे गेल्या आणि मला म्हणाल्या, "आजी, हे दार म्हणजे सोनं आहे, तुम्हाला कल्पना नाही." मला कल्पना नाही, असे त्यांनी मला सांगितले. मी त्यांना अंजिराचा मुरंबा दिला. नंतर त्यांनी "सांस्कृतिक वस्तूच्या सादरीकरणास संमती" असा कागद पुढे ठेवला. दारापलीकडून हुस्निये खाटेवरून ओरडली की, जी बाई कॉफी अर्धी टाकून उठते तिच्या कागदावर सही करू नये. मी सही केली. आमच्याकडे घरात बसून मुरंबा खाल्लेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. हा आमचा दोष, आणि आपले कार्यालय यावरच चालते. शिवाय माझा फोटो पुस्तकात येणार होता. तो आला आहे, पान अकरा. त्यात मी हसते आहे.

सादरीकरण म्हणजे दार घेऊन जाणे, हे मला २४ ऑगस्टला कळले. दोन माणसे आली आणि पंचाऐंशी वर्षांच्या बिजागऱ्या तासाभरात निघाल्या. मी आरडाओरडा केला नाही. खरे सांगायचे तर पुढचे पंधरा दिवस फार सोयीचे गेले. ढकलायला दारही नव्हते. हुस्निये म्हणाली, "नगरपालिकेनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी कामाचं नेलं."

मग आपले निरीक्षक आले. दोन स्वतंत्र मालमत्तांमध्ये दार नसलेली मोकळी जागा सापडली, असा त्यांनी अहवाल लिहिला. सापडली हा त्यांचा शब्द. अशी जागा आगीच्या दृष्टीने धोक्याची आणि नकाशात नोंद नसलेली, म्हणून ती तातडीने बंद करावी. दार कुठे गेले हे त्यांनी विचारले नाही. ते ज्या इमारतीतून निघून माझ्याकडे आले होते, तिच्याच तळघरात दाराला तेव्हा रंग लावणे चालू होते.

भिंत बांधायला फेइम गवंडी आला. त्याच्या आजीच्या लग्नात हुस्निये नाचली होती. बिचारा ठोकळे रचताना आमच्याकडे बघत नव्हता. दुपारी मी त्याला जेवायला बोलावले, तेव्हा तो म्हणाला, "आजी, मी नाही बांधली तर दुसरा कुणी बांधेल, आणि तो वाकडी बांधेल." भिंत सरळ आहे, हे मी मान्य करते. आपल्या कार्यालयाने या गावात केलेल्या कामांपैकी तेवढीच सरळ आहे.

७. १६ नोव्हेंबर रोजी, सहिष्णुतेच्या जागतिक दिवशी, चौकात दाराचे अनावरण झाले. आजूबाजूला भिंत नाही, घर नाही, चार खांबांच्या मध्ये एक दार. नगराध्यक्ष त्यातून तीन वेळा गेले, कारण पहिल्या दोन वेळा फोटो नीट आला नाही. मग फादर आणि मुफ्तीसाहेब एकदमच गेले. दार अरुंद असल्यामुळे मुफ्तीसाहेबांची पगडी चौकटीला लागली. त्या दारातून एका वेळी एकच बाई जाते, आणि तीही पातेले घेऊन जरा तिरकी. हे दोघांपैकी कोणालाही माहीत नव्हते.

मला पहिल्या रांगेत बसवले होते. दोन शब्द बोलायला सांगितले. मी उभी राहून म्हणाले की दार छान दिसते आहे, पण माझी वाट बुजवली आहे आणि पलीकडे माझी शेजारीण खाटेवर पडून आहे. नगराध्यक्षांनी माझ्या हातातून ध्वनिक्षेपक अलगद काढून घेतला आणि लोकांना सांगितले, "आजी भावुक झाल्या आहेत." टाळ्या झाल्या. मग मुलांनी दोन्ही धर्मांची गाणी म्हटली. आपणही टाळ्या वाजवल्यात. मी पाहिले.

फलक मी नंतर जवळ जाऊन वाचला. तीन भाषांत लिहिले आहे : "वेलिका आणि ह्रिस्तिना यांच्या घरांमधील दार." नाव मालमत्ता नोंदवहीतून घेतले, असे कुमारी रालित्सा म्हणाल्या. न्यायालयाने सत्तावीस वर्षांपूर्वी हुस्नियेला तिचे नाव परत दिले; आपल्या नोंदवहीला ते अद्याप कळलेले नाही. ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्या सलोख्याचा हा देशातला पहिला फलक असेल ज्यावर मुसलमान नाही. उन्हाळ्यात बसमधून उतरलेल्या एका परदेशी बाईंनी माझ्यासमोर वाटाड्याला विचारले की यांतली तुर्क कोणती. त्याने फलक पुन्हा वाचला आणि त्यांना आइस्क्रीमचे दुकान दाखवले.

काही आठवड्यांनी पोरे दारावर झोके घेऊ लागली, म्हणून आपण त्याला कुलूप लावले. आमच्या भांडणांचे खराट्यावर भागले, आपल्या सलोख्याला कुलूप लागते.

८. माझ्या अर्जांचा हिशेब असा. पहिल्या अर्जाला उत्तर आले की दोन्ही मालकांनी मिळून अर्ज करावा. दुसरा मिळून केला. हुस्नियेने खाटेवरून स्वतःच्या नावाने सही केली. उत्तर आले की सदर मालमत्ता ह्रिस्तिना या व्यक्तीची असून हुस्निये नावाच्या व्यक्तीचा तिच्याशी संबंध आढळत नाही. त्या घरात ती चौसष्ट वर्षे राहते आहे. तिसऱ्या अर्जाला न्यायालयाचा निकाल जोडला. तो ओळखपत्रासाठी आहे, नोंदवहीसाठी मालकाने स्वतः खिडकी क्रमांक तीनवर हजर व्हावे, असे आपण कळवलेत. चौथ्या अर्जात मी लिहिले की ती खुब्यामुळे हजर होऊ शकत नाही, कोणी घरी यावे. घरी येण्यासाठीचा नमुना खिडकी क्रमांक तीनवर स्वतः हजर राहिल्यास मिळेल, असे उत्तर आले. या उत्तरावर आपली सही आहे, त्यामुळे ते थट्टेने लिहिलेले नसावे.

९. चौथे उत्तर घेऊन मी एप्रिलमध्ये आपल्या कार्यालयात आले. आपण मला बसायला खुर्ची दिलीत आणि दार लावून घेतलेत. मग हळू आवाजात म्हणालात, "आजी, कशाला एवढं ताणता? त्यांना सांगा, एकदाच जुनं नाव लिहा. ह्रिस्तिना. आठ दिवसांत भिंत काढून देतो." आपण प्रामाणिकपणे मदत करत होतात, हे मला दिसत होते. आपल्या वडिलांचाही चेहरा त्या दिवशी तसाच होता. तेही कोणाचे वाईट करत नव्हते, रुमालाचा विचार करत होते.

आणि मी त्या नावाचा कागद घेऊन तिच्याकडे गेले. बावीस मिनिटे चालत गेले, म्हणजे परत फिरायला वेळ पुष्कळ होता, हे आपण लक्षात घ्यावे. तिच्या पाठीच्या जखमा मी रोज धुत होते. मला वाटले, एक शब्द. कोण वाचणार आहे. मी तिच्यापुढे कागद ठेवला, पेन ठेवले आणि तिला तसेच म्हटले.

हुस्नियेने चष्मा लावून कागद वाचला. मग चष्मा काढला.

"तेव्हा पुलावर बंदुका होत्या, म्हणून मी गप्प राहिले," ती म्हणाली. "आता काय आहे? अठरा ठोकळे?"

मी म्हटले, पुढचा हिवाळा आहे.

"मग हिवाळ्यानं मारलं असं होईल. हुस्नियेला मारलं असं होईल. तू त्यांची ह्रिस्तिना घेऊन जा आणि तिची कूस बदल."

तिने तोंड भिंतीकडे वळवले. पुढचे अकरा दिवस तिने माझ्या हातून कॉफी घेतली नाही. पाणी घेतले, औषध घेतले, कूस बदलू दिली. कॉफी नाही. तिच्याजवळ खराटा नव्हता, नाहीतर तो आडवा पडला असता. बाराव्या दिवशी तिने स्वतःहून कप पुढे केला आणि काही बोलली नाही. तिच्यासारख्या बाईचे न बोलणे किती महाग असते, हे आपल्याला सांगून उपयोग नाही.

तो कागद मी चुलीत घातला. सन १९८५ चा शिक्का आणि सन २०१६ ची सही मला चुलीत घालता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवली.

१०. या प्रकरणातल्या मंडळींचे पुढे काय झाले, हे आपल्या दप्तरी असावे. कुमारी रालित्सा राजधानीत मोठ्या पदावर गेल्या. आणखी तीन गावांतली दारे काढून नेण्याची त्यांची योजना मंजूर झाली आहे. त्या गावांतल्या म्हाताऱ्यांना कोणीतरी वेळीच सांगावे. नगराध्यक्षांना सहजीवनासाठी प्रशस्तिपत्र मिळाले आणि ते त्यांच्या दालनात, सहसा बंद असणाऱ्या दाराच्या वर, लावले आहे. फेइम गवंडी जर्मनीत आहे. तो ईदला आला होता तेव्हा रस्त्याने दोघींकडे वेगवेगळा येऊन गेला आणि माझ्याकडे बसून रडला. मी त्याला भिंत सरळ असल्याचे सांगितले. निरीक्षक निवृत्त झाले. आपले वडील वृद्धाश्रमात असल्याचे कळते, आणि त्यांना आता कोणाचेच नाव आठवत नाही म्हणतात. मी दोनदा मुरंबा पाठवला. दार चौकात आहे. तेल न लावल्यामुळे खालून फुगले आहे आणि आता कुलूप काढले तरी उघडणार नाही. हुस्निये जिवंत आहे. तिने मे महिन्यात आपली खाट मागच्या स्वयंपाकघरात, भिंतीच्या बाजूला हलवून घेतली. कारण विचारले तर म्हणते, इथे ऊन येते. तिथे ऊन येत नाही.

११. राहिले मी. आज सोमवार. आज सकाळी सात वाजता मी खुर्चीवर उभी राहिले आणि कै. पानायोत स्तामोव, माझे पती, यांच्या छिन्नी-हातोड्याने वरच्या ओळीतला डावीकडचा ठोकळा काढला. दोन तास लागले. ठोकळा माझ्या बाजूला पडला, पाय वाचला. मी भोकापाशी तोंड नेले आणि काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून हुस्नियेचा आवाज आला, "कोण आहे? नगरपालिका?"

मी नाही म्हटले.

"मग चालू दे," ती म्हणाली.

उरलेले सतरा ठोकळे मी रोज एक या प्रमाणे काढीन. शुक्रवार तिचा आणि रविवार माझा. दोन्ही दिवशी काम करीन, तेवढे आम्ही दोघी आपापल्या ठिकाणी समजावून सांगू. अशा रीतीने २६ ऑक्टोबरला, संत दिमितारच्या दिवशी, बर्फाच्या आधी, वाट मोकळी होईल. ठोकळे नगरपालिकेच्या मालकीचे आहेत, याची मला जाणीव आहे. ते रोज हातगाडीने चौकात आणून आपल्या दाराच्या पायाशी व्यवस्थित रचले जातील. हवे तर फलकात तसा बदल करावा.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. माणूस पाठवून उरलेले सतरा ठोकळे एका दिवसात काढून द्यावेत, किंवा मला अडवायला यावे. अडवायला येणार असाल तर कृपया मशीद गल्लीच्या बाजूने, पायऱ्यांवरून यावे.

हा अर्ज मी विनंती म्हणून लिहायला बसले होते. ती आता सूचना झाली आहे, तरी कागद तोच ठेवला आहे.

आपल्या उत्तराची वाट न पाहणारी,

(सही) वेलिका दिमित्रोवा स्तामोवा

वरील मजकूर मला वाचून दाखवला. शेळीविषयीचा भाग खोटा आहे, बाकी मान्य.

(सही) हुस्निये रसिम कादिर

स्लिवोगोरा, दि. ९ ऑक्टोबर २०१७

सोबत :
१) आपली चार उत्तरे, मूळ प्रती. आम्हाला नकोत.
२) न्यायालयाच्या निकालाची छायांकित प्रत. मूळ प्रत भिंतीवरून काढणार नाही.
३) पुस्तिकेचे पान अकरा, माझ्या फोटोसह. परत करू नये.
४) सिमेंटचा ठोकळा, नग एक. जड असल्यामुळे खिडकी क्रमांक तीनवर ठेवला आहे. तो स्वतः हजर झाला आहे, याची नोंद घ्यावी.